ब्रेड फुगला नाही, तर दोष कुणाचा?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेले किंवा नेट-पेटची तयारी करणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : "पीएचडीला लागण्याआधी काय वाचून ठेवू?" वाचायला पुष्कळ आहे आणि ते गाइड सांगतीलच. मी वेगळं सुचवते. हातात महिनाभर असेल तर दर रविवारी घरी एक ब्रेड भाजा. केक नको, बिस्किटं नकोत. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्टचा, लांबट डब्यात भाजलेला साधा ब्रेड. सोबत एक वही ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, हा काय प्रकार? थोडं थांबा. संशोधनाच्या पहिल्या वर्षात विद्यार्थी खचतात ते अवघड थिअरीमुळे कमी आणि न चालणाऱ्या प्रयोगांमुळे जास्त. तीन-तीन महिने पीसीआरमध्ये बँड दिसत नाही, कल्चर वाढत नाही, आणि मग मनात एकच वाक्य घोळायला लागतं : "मला हे जमत नाही." बऱ्याचदा खरं कारण भलतंच असतं. फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात पडलेली एन्झाइमची ट्यूब, तिच्यावर कुणा जुन्या सीनियरची आद्याक्षरं, तारीख नाही, किती वेळा बाहेर काढून परत ठेवली त्याची नोंद नाही. ते एन्झाइम कधीच निकामी झालेलं असतं. म्हणजे हा विद्यार्थी तीन महिने प्रयोग करतच नव्हता. मेलेलं एन्झाइम पाण्यात मिसळत होता.

फसलेल्या प्रयोगातून शिकता येतं असं सगळे म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. साहित्य काय होतं, किती होतं आणि कोणत्या अवस्थेत होतं हे माहीत असेल, तरच शिकता येतं. ही सवय लावायला ब्रेडइतकं स्वस्त आणि झटपट साधन मला दुसरं माहीत नाही. चार तासांत निकाल लागतो, आणि फसलेला निकालही बहुतेक वेळा खाता येतो.

कृती नव्हे, प्रमाण

घरच्या कृतीत "दोन वाट्या मैदा, चमचाभर यीस्ट, चवीपुरतं मीठ" असं लिहिलेलं असतं. स्वयंपाकात ते चालतं, कारण करणाऱ्या हाताला अंदाज असतो. पण मैद्याची एक वाटी सैल भरली तर १२० ग्रॅम आणि दाबून भरली तर १५० ग्रॅम भरू शकते. इथेच २५ टक्क्यांचा फरक पडला. बारीक मिठाचा चमचा आणि खडेमिठाचा चमचा यांचं वजनही सारखं नसतं.

म्हणून बेकरीवाले 'बेकर्स पर्सेंटेज' वापरतात. पीठ म्हणजे नेहमी १०० टक्के, आणि बाकी सगळं पिठाच्या वजनाच्या तुलनेत. साधारण २० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद डब्यासाठी हे प्रमाण बसतं :

मैदा १०० टक्के – ३०० ग्रॅम
पाणी ६५ टक्के – १९५ ग्रॅम
साखर ४ टक्के – १२ ग्रॅम
तेल ४ टक्के – १२ ग्रॅम
मीठ २ टक्के – ६ ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट १ टक्का – ३ ग्रॅम

एकूण १७६ टक्के, म्हणजे ५२८ ग्रॅमचा गोळा. टक्क्यांची बेरीज शंभरच्या वर गेलेली पाहून गोंधळू नका. इथे भाजक 'एकूण मिश्रण' नसून 'पीठ' आहे. शोधनिबंध वाचतानाही हा प्रश्न स्वतःला विचारत जा : ही टक्केवारी कशाची टक्केवारी आहे? एकूण पेशींची, जिवंत पेशींची, की कंट्रोलच्या तुलनेत? अर्ध्या वाद्यांचं मूळ तिथे सापडतं.

आता काट्याकडे या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा सहसा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो. त्यावर ३०० ग्रॅम दिसत असेल तर अर्ध्या ग्रॅमची चूक नगण्य आहे, साधारण ०.१७ टक्के. पण यीस्टचे ३ ग्रॅम दिसतात तेव्हा खरं वजन अडीच ते साडेतीनमध्ये कुठेही असू शकतं, म्हणजे चूक जवळपास १७ टक्के. चूक तेवढीच, पण वस्तू लहान असल्यामुळे ती मोठी झाली. लीस्ट काउंट आणि रिलेटिव्ह एरर हे आपण अकरावीत पाठ करतो. ते अंगवळणी पडतात ते इथे.

मिठासाठी प्रयोगशाळेतलीच युक्ती वापरा : स्टॉक सोल्यूशन. २० ग्रॅम मीठ १८० ग्रॅम पाण्यात पूर्ण विरघळवा. या द्रावणाच्या ६० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम मीठ आणि ५४ ग्रॅम पाणी असतं. मग कणकेत वेगळं घालायचं पाणी १९५ वजा ५४, म्हणजे १४१ ग्रॅम. ६ ग्रॅम थेट मोजताना ८ टक्क्यांची चूक होऊ शकते. २० ग्रॅम मोजताना ती अडीच टक्क्यांवर येते. यीस्ट मात्र विरघळत नाही, तळाशी बसतं, म्हणून त्याला ही युक्ती लागू नाही. त्यासाठी सोनं तोलायला वापरतात तसला छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्या.

गोळ्याच्या आत काय चाललंय

करण्याची रीत थोडक्यात सांगते. पीठ आणि पाणी कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा. मग यीस्ट, साखर, मिठाचं द्रावण आणि तेल घालून आठ-दहा मिनिटं चांगलं तिंबा. (मिठाचं पाणी नंतर घालायचं म्हणून सुरुवातीचा गोळा जरा घट्ट वाटेल, घाबरू नका.) गोळा दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा. हवा काढून, गुंडाळी करून, तेल लावलेल्या डब्यात ठेवा. डब्याच्या काठापर्यंत किंवा बोटभर वर आला, की आधीच तापवलेल्या ओटीजीत २०० अंश सेल्सिअसला साधारण अर्धा तास भाजा. पूर्ण गार झाल्यावरच कापा.

आता प्रत्येक पायरीमागचं 'का'.

गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन नावाची प्रथिनं असतात. पाणी लागलं आणि मळणं झालं की त्यांचं जाळं तयार होतं, ते ग्लुटेन. हे बघायचं असेल तर कणकेचा छोटा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळा. पांढरं पाणी निघून जातं ते पिष्ट, हातात उरतो तो चिवट, रबरासारखा लगदा. बोलोन्याच्या याकोपो बेकारी यांनी हाच प्रयोग करून १७४५ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. मळणं पुरेसं झालं का, हे पाहायला लहानसा तुकडा दोन्ही हातांनी हळूहळू ताणा. न फाटता इतका पातळ झाला की पलीकडचा उजेड दिसतो, तर जाळं तयार आहे.

यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी ही एकपेशीय बुरशी. ती साखर खाते, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल सोडते. वायू ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो आणि गोळा फुगतो. आंबण्यामागे जिवंत पेशी असतात हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या कामातून ठामपणे मांडलं. पुढे १८९७ साली एडुआर्ड बुकनर यांनी यीस्ट वाळूबरोबर रगडून, पेशी फोडून, त्यांचा नुसता रस काढला. त्यात साखर घातल्यावरही बुडबुडे आले. म्हणजे काम करतात ती पेशीतली एन्झाइम्स; अख्खी पेशी जिवंत असलीच पाहिजे असं नाही. या कामासाठी त्यांना १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जीवरसायनशास्त्राचा पाया ब्रेडच्या आणि बिअरच्या या प्राण्याने घातला म्हटलं तरी चालेल. १९९६ साली ज्या सुकेंद्रकी सजीवाचा जनुकसंच सर्वात आधी संपूर्ण वाचला गेला, तोही हाच.

भट्टीत गेल्यावर पहिली काही मिनिटं ब्रेड झपाट्याने वर येतो. उष्णतेने यीस्ट थोडा वेळ जोरात काम करतं, अडकलेला वायू प्रसरण पावतो, पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, अल्कोहोल आणि पाण्याची वाफ होते. साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, पिष्ट पाणी शोषून फुगायला लागतं आणि हळूहळू ब्रेडचा सांगाडा पक्का होतो. आतला भाग ओला असल्याने १०० अंशांच्या वर जातच नाही. थर्मामीटर खुपसून पाहिलं तर भाजलेल्या ब्रेडच्या मध्यभागी ९३ ते ९६ अंश दिसतात. साल मात्र वाळते, म्हणून तिचं तापमान खूप वर जातं आणि ती खरपूस होते. या तपकिरी रंगामागची अमिनो आम्लं आणि साखरेची अभिक्रिया लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली मांडली.

आपल्याकडे यीस्टची पाकिटं यायच्या कितीतरी आधी गोव्यातले पोदेर माडाची सूर घालून पाव आंबवत. सुरेत निसर्गतः यीस्ट असतंच. 'पाव' आणि 'पोदेर' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. त्या पोदेरांनी सूक्ष्मजीव पाहिलेले नव्हते, पण सूर ताजी असली पाहिजे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

खोलीचं तापमान म्हणजे नक्की किती?

शोधनिबंधात 'रूम टेंपरेचर' असं लिहिलेलं वाचताना एक प्रश्न पडू द्या : कुणाची रूम? पुण्यातली जानेवारीतली खोली २० अंश असते, नागपुरातली मे महिन्यातली ३५ च्या वर. यीस्टचा वेग तापमान दहाएक अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. "एक तास फुगू द्या" ही सूचना त्यामुळे अर्धवट आहे.

बेकरीवाले खोलीचं तापमान बदलू शकत नाहीत, म्हणून ते पाण्याचं बदलतात. हाताने मळत असाल तर हिशेब सोपा आहे. मळलेला गोळा २७ अंशांवर हवा असेल, तर २७ गुणिले ३ म्हणजे ८१. त्यातून खोलीचं आणि पिठाचं तापमान वजा करा. उरेल ते पाण्याचं. जानेवारीत ८१ वजा २० वजा २०, म्हणजे ४१ अंश, चांगलं कोमट. मे महिन्यात ८१ वजा ३५ वजा ३५, म्हणजे ११ अंश, फ्रीजमधलं गार पाणी! "यीस्टला कोमट पाणी लागतं" हा नियम नागपूरच्या उन्हाळ्यात नडतो तो असा. नियम दुसऱ्या हवामानात लिहिला गेला होता. तो आपल्याकडे आणताना त्यामागचं कारण सोबत आलं नाही. बाहेरच्या प्रयोगशाळेचा प्रोटोकॉल आपल्या बेंचवर जसाच्या तसा उतरवताना नेमकं हेच होतं.

साठा : किती घ्यायचा, कसा ठेवायचा

हा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त प्रयोग इथेच बुडतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरोघरी ब्रेड करायची लाट आली तेव्हा लोकांनी मिळेल तेवढं यीस्ट घेऊन ठेवलं. नंतर उघडी पाकिटं कपाटात तशीच राहिली. एखाद वर्षाने ती वापरून पाहिली, गोळा फुगला नाही, आणि निष्कर्ष निघाला : "ही रेसिपी चुकीची आहे."

खरेदीआधी एक गुणाकार करा. आठवड्याला एक ब्रेड म्हणजे महिन्याला १२०० ग्रॅम मैदा आणि १२ ग्रॅम यीस्ट. यीस्टचं ५०० ग्रॅमचं पाकीट लहान पाकिटांच्या मानाने खूप स्वस्त पडतं, म्हणून मोह होतो. पण ५०० भागिले ३ म्हणजे १६६ ब्रेड, आठवड्याला एक या वेगाने तीन वर्षांहून जास्त. उघडलेलं यीस्ट तोवर टिकत नाही. घट्ट डब्यात, फ्रीजमध्ये सुमारे चार महिने आणि फ्रीजरमध्ये सहाएक महिने भरवसा ठेवता येतो. मग ते स्वस्त कुठे राहिलं? चारपाच मैत्रिणींनी मिळून वाटून घेतलं तर मात्र हिशेब जमतो. लॅबमध्ये अँटिबॉडी किंवा किट मागवताना हाच हिशेब करायचा असतो : किती लागणार आहे, आणि तोवर ते टिकणार आहे का. ग्रँट संपायच्या आत पैसे खर्च करायचे म्हणून मागवलेला माल बहुधा मुदत संपेपर्यंत फ्रीजरमध्येच राहतो.

आता एकेक वस्तू :

यीस्ट – उघडल्या दिवशीच लहान-लहान डब्यांत वाटून घ्या. एक डबी वापरात, बाकीच्या फ्रीजरमध्ये. दर वेळी अख्खं पाकीट बाहेर काढलं की त्यात दमट हवा शिरते, आणि पावसाळ्यात तर विचारू नका. प्रयोगशाळेत याला अ‍ॅलिकॉट करणं म्हणतात. 'अ‍ॅक्टिव्ह ड्राय' आणि 'इन्स्टंट' एकच नाहीत : पहिलं कोमट पाण्यात भिजवून घ्यावं लागतं, दुसरं थेट पिठात चालतं.

मैदा – पाकिटावर दर १०० ग्रॅममागे प्रथिनं किती हे छापलेलं असतं. साधारण १० ग्रॅमच्या आसपास किंवा वर असेल तर ब्रेडला बरा. घट्ट झाकणाचा डबा वापरा. अळ्या-जाळ्यांची भीती असेल तर आणल्यावर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. पण भरण्याआधी पीठ बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर त्यावर ओलावा धरतो.

कणीक – कोंडा आणि अंकुरातलं तेल असल्यामुळे ती मैद्याआधी खवट होते. थोडीच आणा. चक्कीवरच्या दळणात पिष्टाचे कण जास्त फुटतात, म्हणून कणीक पाणी जास्त पिते. अर्धा मैदा, अर्धी कणीक घेतलीत तर पाणी ७० टक्क्यांच्या पुढे न्यावं लागेल.

लेबल – प्रत्येक डब्यावर तीन तारखा : आणल्याची, उघडल्याची, संपण्याची. शिवाय पाकिटावरचा बॅच किंवा लॉट नंबर वहीत उतरवा. आधी आणलेलं आधी संपवा.

या लॉट नंबरबद्दल दोन शब्द जास्त. समजा, तीन रविवार तुम्ही एका पाकिटाचा मैदा वापरला आणि चौथ्या रविवारी नवं पाकीट उघडलं. त्याच दिवशी पाणीही ७० टक्के करून पाहिलं. ब्रेड बसला. कशामुळे? सांगता येणार नाही. प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी अँटिबॉडीचा किंवा सीरमचा लॉट बदलतो आणि आलेख अचानक वळतो, तेव्हा असंच होतं. आणि तिथे रविवार नाही, वर्ष वाया जातं. उपाय साधा आहे. जुना साठा संपायच्या आत नवा उघडा आणि एकदा तरी दोन्ही शेजारी-शेजारी वापरून बघा. निकाल सारखा आला तर निर्धास्तपणे पुढे जा. नाही आला तर निदान फरक कुठून आला ते कळलं.

चार ग्लासांचा न्याय

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. ब्रेड फुगला नाही. संशयित बरेच : यीस्ट मेलं, पाणी फार गरम होतं, मीठ जास्त पडलं, खोली गार होती, वेळ कमी दिला. अंदाज बांधत बसू नका, कंट्रोल लावा.

सरळ उभ्या कडांचे चार सारखे ग्लास घ्या. प्रत्येकात ३० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम पाणी, दोन चिमटी साखर. पहिल्यात संशयित जुनं यीस्ट. दुसऱ्यात नव्या पाकिटातलं यीस्ट, हा पॉझिटिव्ह कंट्रोल. तिसऱ्यात यीस्टच नाही, हा निगेटिव्ह कंट्रोल. चौथ्यात नवं यीस्ट, पण ते आधी खूप कढत पाण्यात घालून मारलेलं आणि गार केलेलं. यीस्ट तिन्ही ठिकाणी एकाच छोट्या चमच्याने, सपाट करून. चौथ्या ग्लासातलं यीस्टचं पाणी त्या २० ग्रॅममध्येच धरायचं. मिश्रणाच्या पातळीवर रबरबँड लावा आणि तासभर एकाच जागी ठेवा.

निकाल वाचताना क्रम पाळा. आधी दुसरा ग्लास. तो फुगला नसेल तर बाकीच्यांकडे बघायचंच नाही. खोली, पीठ, पाणी, यापैकी काहीतरी सगळ्यांनाच नडतंय. दुसरा फुगला आणि पहिला नाही, तर जुनं यीस्ट दोषी. दोन्ही फुगले तर यीस्ट निर्दोष, दोष ब्रेड करतानाच्या कुठल्यातरी पायरीत शोधा. तिसरा फुगला तर पिठात बेकिंग पावडर वगैरे काहीतरी आहे. आणि चौथा सांगतो की यीस्टची पूड नुसती असणं पुरेसं नाही, ती जिवंत लागते.

पॉझिटिव्ह कंट्रोल नसलेला नकारात्मक निकाल हा निकालच नाही. "काही दिसलं नाही" आणि "दिसण्यासारखं काही नव्हतं" ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं म्हणायचा हक्क पॉझिटिव्ह कंट्रोलमुळे मिळतो.

बारा स्लाइस म्हणजे बारा प्रयोग नव्हेत

ब्रेड तयार झाला की पुढचा प्रश्न : ठेवायचा कुठे? फ्रीजमध्ये ठेवला की लवकर शिळा होतो असं म्हणतात. शिळा म्हणजे वाळलेला, असं आपण धरून चालतो. पण बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवलं की हवाबंद ठेवून, पाणी अजिबात उडू न देताही ब्रेड शिळा होतो. कारण भाजताना विस्कटलेले पिष्टाचे रेणू गार झाल्यावर पुन्हा शिस्तीत रचले जातात, आणि ही रचना फ्रीजच्या तापमानाला जास्त वेगाने होते. फ्रीजरमध्ये ती जवळजवळ थांबते. उलट बुरशी बाहेर लवकर येते, फ्रीजमध्ये उशिरा. म्हणजे "ब्रेड कुठे चांगला राहतो?" याचं उत्तर तुम्ही मऊपणा मोजताय की बुरशी, यावर अवलंबून आहे. आधी काय मोजायचं ते ठरवा, मग प्रश्न विचारा.

समजा, मऊपणाच मोजायचा आहे. एका ब्रेडचे बारा स्लाइस केले, सहा फ्रीजमध्ये, सहा बाहेर. दोन दिवसांनी ठरावीक वजन ठेवून किती दबतात ते मोजलं. तुमच्याकडे बारा आकडे आले. पण ब्रेड एकच होता. त्या ब्रेडबद्दल तुम्ही छान काहीतरी सांगू शकता, 'ब्रेड'बद्दल नाही. उद्या वेगळा गोळा मळला, जरा जास्त पाणी पडलं, तर काय होईल हे ते बारा आकडे सांगत नाहीत. यालाच स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिसंस्थाशास्त्रातल्या प्रयोगांची झाडाझडती घेताना हा शब्द रूढ केला. एकाच उंदराच्या दहा पेशी, एकाच कुंडीतली पाच पानं, एकाच फ्लास्कमधून काढलेले तीन नमुने, सगळे याच जातीचे. वेगवेगळ्या दिवशी, नव्याने मळलेले चार ब्रेड हे चार प्रयोग.

"पण चारच?" असं वाटेल. थोड्या नमुन्यांवरून किती विश्वासाने बोलता येतं, हा प्रश्न विल्यम गॉसेट यांना गिनेसच्या दारूभट्टीत नोकरी करताना पडला. जव, हॉप्स, यीस्ट यांच्या चाचण्या मोजक्याच करता येत. त्याचं उत्तर त्यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं. आपण डोळे झाकून सॉफ्टवेअरमध्ये दाबतो ती टी-टेस्ट ती हीच. तिच्या जन्मामागे जव आणि यीस्ट आहे, हे ध्यानात ठेवलं तर ती कधी वापरायची हेही ध्यानात राहतं.

वहीत काय असावं

दर रविवारी एक पान. तारीख, खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान, सगळी वजनं (ठरवलेली नव्हे, काट्यावर प्रत्यक्ष दिसलेली), लॉट नंबर, मळायला सुरुवात केल्याची वेळ, गोळा दुप्पट झाल्याची वेळ, भट्टीत टाकल्याची आणि काढल्याची वेळ, ब्रेडची उंची सेंटिमीटरमध्ये, मधून कापल्याचा फोटो. शेवटी एकच ओळ : पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलणार, आणि त्याने काय होईल असं वाटतं. ही ओळ ब्रेड भाजायच्या आधी लिहायची. नंतर लिहिली तर आपण निकालाला सोयीचं भाकीत लिहितो, हा मनुष्यस्वभाव आहे.

पहिल्या रविवारी वर दिलेलं प्रमाण तंतोतंत. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच, काहीही न बदलता. हा दुसरा ब्रेड सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. काहीच न बदलता उंचीत किती फरक पडतो, ते तो सांगतो. सात सेंटिमीटरचा ब्रेड न बदलताही साडेसात होत असेल, तर पुढे पाणी वाढवून मिळालेल्या अर्ध्या सेंटिमीटरवर उड्या मारायचं कारण नाही. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी फक्त पाणी ६५ वरून ७० टक्के करा.

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न बहुतेकदा येतो : "तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय चाललं नाही, आणि ते का चाललं नाही हे तुम्हाला कसं कळलं?" पुष्कळ जण पहिल्या भागाचं उत्तर देतात आणि दुसऱ्यापाशी अडखळतात. चार पानांची ती वही सोबत नेली नाहीत तरी चालेल. पण तेव्हा मनात चार ग्लास उभे राहिले पाहिजेत, आणि आधी कोणत्या ग्लासाकडे बघायचं ते माहीत असलं पाहिजे.

येत्या रविवारच्या आधी दोन कामं उरका : काट्याची बॅटरी बघा, आणि घरात यीस्ट असेल तर त्यावरची तारीख.